पाच तारे आणि एक करपलेलं पातेलं

पुस्तक चांगलं निघालं, की आत्यांच्या घरी त्या दिवशी कोरा चहा मिळे. कारण निम्मं दूध पातेल्याच्या बुडाला लागून काळं झालेलं असे आणि निम्मं ओट्यावरून खाली ओघळलेलं असे.

हा वेंधळेपणा नव्हता, ही पद्धत होती. गावच्या वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत आत्या कैक वर्षं पुस्तकांवर लिहीत होत्या, आणि परीक्षणाला आलेलं प्रत्येक पुस्तक त्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून, गॅसवर दूध ठेवूनच उघडत. पातेलं तेच, दूध तेवढंच, आच मंद. दूध वर येण्याआधी उठून गॅस बंद करण्याचं भान राहिलं, तर पुस्तक बेताचं. चुर्र आवाज झाल्यावर उठल्या, तर बरं. आणि वास जिन्यात जाऊन शेजारीण दार वाजवायला आली तरी आत्या खुर्चीतून हलल्या नाहीत, तर ते पुस्तक खरं. एका पुस्तकाला असं दूध सुरुवातीला ठेवायचं, मध्यावर ठेवायचं आणि शेवटाकडे ठेवायचं. सुरुवातीलाच दूध घालवणारी पुस्तकं पुष्कळ असतात, असं त्यांचं म्हणणं होतं. मध्यावर घालवणारं विरळा.

हे गुपित ठाऊक होतं फक्त त्यांच्या भावजयीला, म्हणजे वहिनींना. वाचकांना वाटे, आत्या जाड भिंगाच्या चष्म्याआडून काहीतरी मोठी मोजदाद करत असतील. त्यांना काय कल्पना, की ही बाई परीक्षण लिहून झालं की तारेची घासणी घेऊन मोरीत बसते! घरातला करारच होता तसा: जिने जाळलं, तिने घासायचं. वहिनींनी स्वतः शाळा सुटल्यापासून पुस्तकाला हात लावला नव्हता. "घरात एक माणूस वाया गेलंय तेवढं पुरे," असं त्या म्हणत. पण पातेल्याचं बूड उजेडाकडे धरून त्या पुस्तकाची जात अचूक सांगत.

"वन्सं, आजचं दणदणीत दिसतंय."

"आहेच."

"आणि गेल्या आठवड्यातलं?"

"त्याचं काय?"

"त्या दुधावर चांगली जाड साय आली होती. तेव्हाच ओळखलं मी, रडकं पुस्तक."

आत्यांचा भाऊ, म्हणजे दादा, बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसे आणि जे येईल ते पिई. कोऱ्या चहाला तो सरावला होता.

असं सगळं सुरळीत चाललं असताना पेपरला नवे संपादक आले. वयाने तरुण, अंगाने किडकिडीत, आणि प्रत्येक वाक्यात टक्केवारी. आठवड्याभरातच कचेरीने त्यांचं नाव टक्केसाहेब ठेवलं. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. फक्त आकडे बघता बघता बाकी काही बघायची त्याची सवय मोडली होती. त्यांनी आत्यांना बोलावून घेतलं.

"आत्या, यापुढे प्रत्येक परीक्षणाच्या डोक्यावर तारे हवेत. पाचपैकी."

"कशाला?"

"वाचकाला वेळ नाही. त्र्याहत्तर टक्के लोक परीक्षण वाचतच नाहीत. फक्त तारे बघतात."

"आणि उरलेले?"

"उरलेले काहीच बघत नाहीत," टक्केसाहेब प्रामाणिकपणे म्हणाले.

आत्यांनी प्रयत्न केला, नाही असं नाही. पहिल्याच आठवड्यात एका कादंबरीला त्यांनी तीन तारे दिले. पाचपैकी तीन म्हणजे त्यांच्या हिशेबाने चांगलं पुस्तक. चुर्र आवाजाच्या आसपासचं. सकाळी प्रकाशकाचा फोन आला. दुपारी लेखकाचा आला. संध्याकाळी लेखकाच्या सासऱ्यांचा आला, आणि ते तर भांडायच्या तयारीनेच बोलत होते. तीन म्हणजे नापास, असं जगात ठरून गेलं होतं आणि आत्यांना कुणी कळवलं नव्हतं. मग टक्केसाहेबांनी समजुतीने सांगितलं, की साधारण चार देत चला, म्हणजे कुणाचं मन दुखत नाही. झालं! पाककृतींना चार, प्रवासवर्णनांना चार, एका निवृत्त अधिकाऱ्याच्या आत्मचरित्राला चार, ज्यात त्याने स्वतःच्या बदल्यांखेरीज काहीही लिहिलं नव्हतं. यशस्वी माणसं सकाळी उठून काय करतात, या विषयावरच्या एका जाडजूड पुस्तकाला तर वरून आदेश येऊन पाच मिळाले. त्या पुस्तकाच्या वेळी आत्यांनी दूध तापवून, गार करून, विरजणसुद्धा लावून घेतलं होतं.

एक दिवस भाजीच्या दुकानात त्यांना एक जुने वाचक भेटले. म्हातारे गृहस्थ, आत्यांच्या शब्दावर पुस्तकं घेणारे.

"आत्या, हल्ली सगळेच चांगलं लिहायला लागलेत का हो?"

"का?"

"नाही, सगळ्यांनाच चार असतात. मग मी घेत नाही काहीच. कुठलं घ्यायचं ते कळत नाही."

आत्यांना ते फार लागलं. हातातली पिशवी त्यांना जड वाटायला लागली. लोकांनी पैसे आणि वेळ कुठे घालावा हे सांगणं एवढं एकच काम त्यांना येत होतं, आणि तेच त्या आता करत नव्हत्या.

त्याच आठवड्यात ते पुस्तक आलं. पातळसं, हिरव्या कव्हरचं. लिहिणारी बाई कुणाला ठाऊक नव्हती, छापलंही तिने स्वतःच होतं. दोन प्रती होत्या. एक कचेरीत राहिली, एक आत्यांनी घरी आणली. गोष्ट दोन बहिणींची होती. दोघींचं मिळून छत्र्या दुरुस्त करण्याचं दुकान. कधीतरी काहीतरी बिनसलं आणि दोघींनी एकमेकींशी बोलणं टाकलं, पण दुकान टाकलं नाही. एकाच काउंटरवर शेजारी शेजारी बसून त्या वर्षानुवर्षं गिऱ्हाइकामार्फत बोलत. "त्यांना सांगा, काड्या संपल्या." "त्यांना सांगा, डोळे उघडे ठेवले तर डब्यात दिसतील." बिचारं गिऱ्हाईक मोडकी छत्री हातात घेऊन मधे उभं! आत्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या, मग त्यांना एकच गोष्ट हवी झाली: या दोघींपैकी आधी कोण बोलणार?

सुरुवातीचं दूध गेलं. मध्यावरचं गेलं. शेवटाकडच्या दुधाला शेजारीण आली, दादा आला, वहिनींनी स्वतः येऊन गॅस बंद केला, आणि आत्यांनी पान उलटलं. नंतर वहिनींनी पातेलं उजेडाकडे धरलं आणि बूड नखाने खरवडून पाहिलं.

"वन्सं, हे घासून निघायचं नाही. हे गेलं."

आत्यांनी त्या दिवशी परीक्षण असं लिहिलं, की कित्येक महिन्यांत तसं लिहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी टक्केसाहेबांनी ते परत केलं.

"छापता येणार नाही, आत्या. या पुस्तकाला पुस्तकं विकणाऱ्या वेबसाइटवर दीड तारा आहे. तीनच्या खालचं पुस्तक आपण घेत नाही. धोरण आहे."

"दीड कुणी दिला?"

"वाचकांनी."

"दाखवा."

टक्केसाहेबांनी स्क्रीन वळवली. आत्यांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली, म्हणजे बाहेर बसलेल्या सगळ्यांनाही ऐकू गेलं. एकाने लिहिलं होतं, 'पार्सल भिजून आलं. एक तारा.' दुसऱ्याने, 'अक्षर बारीक आहे. एक तारा.' तिसऱ्याने, 'घरच्या घरी छत्री दुरुस्त करता येईल म्हणून घेतलं. काहीही माहिती नाही. फसवणूक.' आणि एका भल्या माणसाने तीन तारे देऊन लिहिलं होतं, 'चांगलं असावं. अजून वाचलं नाही.'

"यात पुस्तक वाचलेला माणूस कुठला?" आत्यांनी विचारलं.

"ते आपण नाही ठरवू शकत. आकडा म्हणजे आकडा."

आत्यांचा राग तसा नाकावर नसे, पण आला की जिन्याखालच्या पहारेकऱ्याला कळे. "तुम्ही वाचलंत?"

"मला वेळ कुठे..."

"मग ऐका. ही कचेरीतली प्रत. तुम्ही वाचा. वाचून तुम्हीच तारे द्या, मी हूं की चूं करणार नाही. तुम्हालाही दीडच द्यावासा वाटला, तर मी माझा स्तंभ सोडते. त्या जागी काय हवं ते छापा. पण त्याहून जास्त द्यावेसे वाटले, तर माझं परीक्षण जसंच्या तसं जाईल आणि यापुढे माझ्या मजकुराच्या डोक्यावर तुम्ही काही टांगणार नाही. चालेल?"

बाहेर टायपिंगचे आवाज बंद झाले होते. टक्केसाहेबांना त्या जागी 'आठवड्यातील टॉप टेन' ही चौकट केव्हाची हवी होती. ते म्हणाले, चालेल.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं घरी जाताना आत्या वाटभर स्वतःला सांगत राहिल्या. स्तंभ गेला तर रविवारी करायचं काय? सोमवारी कशाची वाट बघायची? लग्न, संसार, मुलं यांतलं काहीच त्यांनी मागितलं नव्हतं आणि त्याचं दुःखही केलं नव्हतं. पण ती अर्धं पान जागा त्यांची होती आणि ती त्यांना मनापासून हवी होती.

"तो वाचायचाच नाही," वहिनी म्हणाल्या. "नुसता आकडा सांगून मोकळा होईल."

"खोटारडा नाही वाटत तो, वहिनी."

"खोटारडा नसेल. पण वाचायला बसायची सवय लागते ना? माझंच बघा. जेवून घ्या आधी, मग काळजी करा."

पुरवणी शुक्रवारी दुपारी छापायला जाई. छापखाना कचेरीच्या तळमजल्यावर होता, आणि मशीन सुरू झालं की वरच्या मजल्यावरचे चहाचे कप बशांमध्ये किणकिणत. तो आवाज आला की पुरवणी सुटली म्हणायची आणि लोकांनी खुर्चीत अंग सैल सोडायचं, अशी वर्षानुवर्षांची रीत. संपादकाने शेवटच्या पानावर सही केल्याशिवाय मशीन हलत नसे. आत्या दर शुक्रवारी स्वतःच्या मजकुराचं प्रूफ बघायला येत, तशा त्या शुक्रवारीही आल्या. त्यांच्या जागेसाठी पान लावणाऱ्या मुलीने दोन्ही पानं तयार ठेवली होती: एका पानावर परीक्षण, दुसऱ्यावर टॉप टेन. कुठलं जाणार हे साहेब सांगणार होते.

साहेब सांगेनात.

केबिनचं दार बंद होतं. आतला फोन वाजला, वाजत राहिला, थांबला आणि पुन्हा वाजला. कपांचा आवाज यायची वेळ झाली, टळली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग खालून फोरमन शाई लागलेले हात पुसत वर आला. हा माणूस सहसा वर येत नसे. तो वर आला म्हणजे काहीतरी बिघडलं, हे सगळ्यांना माहीत होतं.

"सही कुठाय? माणसं बसून राहिलीत खाली."

"साहेब आत आहेत."

"मग दार वाजवा की!"

वाजवायचं कुणी, यावर कुजबुज चालली असताना पलीकडच्या खोलीतून मालकीणबाई आल्या. पेपर त्यांच्या सासऱ्यांनी काढलेला, आणि तो आता त्यांच्या मुठीत होता. त्यांच्या हातात चहाचा कप होता, आणि तो किणकिणत नव्हता म्हणूनच त्या उठून आल्या होत्या.

"मशीन का बंद?"

मालकीणबाईंनी सरळ जाऊन दार उघडलं.

टक्केसाहेब टेबलाच्या उघड्या खणावर दोन्ही पाय ठेवून बसले होते. टाय सैल, चहावर साय धरलेली, पुढ्यात सहीचं पान तसंच कोरं. डोळ्यांपुढे हिरवं पुस्तक. दार उघडल्याचं त्यांना कळलं असावं, कारण नजर न उचलता त्यांनी एक बोट वर केलं.

"एक मिनिट," ते म्हणाले. "एवढं पान होऊ दे."

मालकीणबाईंना 'एक मिनिट' असं त्यांच्या नवऱ्यानेसुद्धा कधी सांगितलं नव्हतं. आत्यांच्या छातीत मात्र काहीतरी आनंदाने उसळलं, आणि चेहरा सरळ ठेवण्यासाठी त्यांना खिडकीकडे बघावं लागलं.

साहेबांनी पान संपवलं, वर पाहिलं आणि ताडकन उभे राहिले. आता माणूस काय म्हणेल? नेट बंद होतं म्हणेल, जाहिरात आली नव्हती म्हणेल. शंभर सबबी हाताशी होत्या आणि कुणी शहानिशा करणार नव्हतं. पण ते लाल झाले आणि म्हणाले, "बाई, चूक माझी. मी वाचत बसलो."

"वाचत? काय वाचत?"

"पुस्तक. सकाळी म्हटलं, चार पानं चाळू, दीड तारा द्यायचाय तर निदान... आणि मग..." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांची पाचावर धारण बसली. "अरे बाप रे!"

आत्या पुढे झाल्या. "किती तारे देता?"

टक्केसाहेब पुस्तकाकडे बघत राहिले. अशी वेळ आयुष्यात त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती, की आकडा विचारला आणि तो त्यांच्या तोंडी नव्हता.

"नाही सांगता येत," ते म्हणाले. "चार म्हटलं तर ते सगळ्यांनाच दिलेत. पाच म्हटलं, तर ते सकाळी उठण्याचं पुस्तक आहे ना, त्याच्या शेजारी हे जाऊन बसेल. ते बरं दिसत नाही, आत्या. खरंच बरं दिसत नाही."

"पण मशीन थांबलं त्याचं काय?" फोरमन दारातून ओरडला. "माझ्या सबंध नोकरीत असं झालेलं नाही. वीज गेली तेव्हा थांबलं होतं, कागद संपला तेव्हा थांबलं होतं. पुस्तकापायी आजवर थांबलं नव्हतं!"

आणि आत्यांना हसू आवरेना. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि इतकी वर्षं ज्याची ताकास तूर लागू दिली नव्हती, ते सगळं त्यांनी सांगून टाकलं: मंद आच, तेच पातेलं, चुर्र आवाज, शेजारीण, मोरीतली घासणी. आधी पान लावणारी मुलगी हसली, मग फोरमन, मग साहेब स्वतः. मालकीणबाई सर्वांत शेवटी हसल्या, पण एकदा हसायला लागल्यावर त्यांना कप खाली ठेवावा लागला.

"म्हणजे आत्यांच्या हिशेबाने," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "हे पुस्तक कुठे बसतं?"

"पातेलं कायमचं गेलं, बाई."

"आणि वर छापखाना थांबला. मग तेच छापा. तारे काढा तिथून, मला ते कधी आवडलेच नव्हते. पानावर कुणीतरी मीठ सांडल्यासारखं दिसतं. साहेब, सही."

टक्केसाहेबांनी परीक्षणाच्या पानावर सही केली आणि डोक्यावरच्या रिकाम्या जागेत स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली: 'या पुस्तकामुळे आमचा छापखाना थांबला.' फोरमन ते पान घेऊन जिन्यावरून धावतच खाली गेला. तोवर मालकीणबाईंनी हिरवं पुस्तक उचललं होतं.

"बाई, माझी शेवटची पानं राहिलीत!" साहेब कळवळले.

"तुम्हाला पुरवणी आहे," मालकीणबाई म्हणाल्या.

"निदान एवढं सांगा कुणीतरी, आधी कोण बोलतं? धाकटी की थोरली?"

"सांगणार नाही," आत्या म्हणाल्या. तेवढ्यात खाली मशीन धडधडलं आणि मजल्यावरचे सगळे कप एकदम किणकिणायला लागले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण आत्यांना त्या ऐकू आल्या, आणि त्यांना इतका आनंद झाला, की प्रूफ न बघताच त्या घरी निघाल्या.

रविवारी पुरवणी घरोघर गेली. सकाळपासून फोन. भाजीच्या दुकानातले जुने वाचक म्हणाले, "आता कळलं काय घ्यायचं ते." पुस्तकांच्या दुकानदाराने ज्या काही प्रती होत्या त्या संपल्या म्हणून दारावर पाटी लावली. आणि त्या लेखिकेचा फोन आला. ती फार काही बोलली नाही. "परीक्षण वाचलं," एवढंच म्हणाली, मग बराच वेळ नाक ओढत राहिली, आणि आत्याही फोन कानाला लावून तशाच उभ्या राहिल्या.

संध्याकाळी आत्या बाजारात गेल्या आणि नवं पातेलं घेऊन आल्या. चांगलं जाड बुडाचं, झाकणासकट. आपण जिंकलो हे आता त्यांना उघड उघड वाटत होतं आणि ते लपवायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. जिना चढता चढता त्यांना वास आला. ओळखीचा, करपट, दाट वास. वरच्या मजल्यावर शेजारीण दार वाजवत उभी होती.

"आत्या? तुम्ही बाहेर? मग आत कोण..."

आत्यांनी किल्लीने दार उघडलं. स्वयंपाकघरात निळसर धूर. ओट्यावरून दूध खाली ओघळलेलं. आणि त्यांच्या खुर्चीत, पाय वर घेऊन, आत्यांचाच जुना चष्मा नाकावर लावून वहिनी बसल्या होत्या. हातात घरची प्रत. मांडीवर सकाळची पुरवणी.

"वहिनी! दूध!"

वहिनींनी नजर न उचलता एक बोट वर केलं.

"गप्प बसा हो, वन्सं. आत्ता बोलेल बघा दोघींतली एक."

आत्यांनी नवं पातेलं हळूच खाली ठेवलं, गॅस बंद केला, आणि आवाज न करता दुसरी खुर्ची ओढून शेजारी बसल्या. बाहेरच्या खोलीतून दादाने विचारलं, "चहा होतोय का?"

"कोरा!" दोघी एकदम ओरडल्या.